गैरहजर आणि अ

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. यंदापासून प्रगतिपत्रकावर टक्के छापायचे नाहीत, श्रेणी छापायची. ऐंशी आणि वर अ, पासष्टपासून ब, पन्नासपासून क, पस्तीसपासून ड, त्याखाली इ. वरच्या कार्यालयाचा हुकूम आहे. संगणकाचे सर जानेवारीतच दुसरी नोकरी बघून गेले, त्यामुळे हे काम कोणी करायचं? तर एकोणतीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईने.

"तुम्ही काटेकोर आहात," मोठे सर म्हणाले. या शाळेत कौतुक झालं की समजावं, काम आलं.

सगळी नववी, तीन तुकड्या, एकशे बारा मुलं. मी म्हटलं, हाताने लिहिते. ते म्हणाले, संगणकावरच्या शीटमध्येच हवं, वर तसंच पाठवायचं आहे. घरी येऊन दादाला सांगितलं. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, वहिनी गेल्यापासून माझ्याकडेच असतो. हसून म्हणाला, "मास्तरीणबाई, आता तुमचीच परीक्षा." त्याला हसायला काय जातंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाचीला फोन. ती तिच्या कार्यालयात दिवसभर हेच करते. तासभर सांगत होती. "मावशी, सूत्र लिहून शीटला विचारायचं, ऐंशी किंवा जास्त आहे का? असेल तर अ. नसेल तर पुढचा प्रश्न, पासष्ट किंवा जास्त आहे का? असं खालपर्यंत. आणि शेवटी कंस मोज."

कंस मोजले. चार उघडले होते, तीन बंद केले होते. चौथा बंद केला आणि सगळ्या रकान्यात अक्षरं उमटली. खरं सांगते, लहान मुलासारखा आनंद झाला. दादाला हाक मारून दाखवलं. त्याने चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाला, "छान. आता तुझं डोकं कशाला हवं?"

आता मान दुखतेय ती वेगळीच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सहामाहीचे गुण घालून सराव केला. बरोबर येतंय.

वर्गात मात्र कोणाचंच लक्ष नाही. माझ्या तुकडीत एक मुलगी आहे, तिला मी मनात सव्वाआठ म्हणते, कारण शाळा आठला भरते आणि ती रोज सव्वाआठला येते. डिसेंबरपर्यंत अशी नव्हती. आज तर नकाशा भरता भरता चक्क झोपली. उठवलं तर केसांना फिनेलचा वास. विचारलं, "घरी फरशा पुसतेस की शाळेत येतेस?" मुलं हसली. तीही थोडी हसली. तिने मधल्या सुट्टीतच घरी जाण्याची परवानगी मागितली, या महिन्यात चौथ्यांदा. मी दिली नाही. एकीला दिली की पन्नास मागतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जिन्यातच सव्वाआठने गाठलं. घडी घातलेला कागद हातात ठेवला. "बाई, वेळ मिळेल तेव्हा वाचाल?" माझ्या एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात भूगोलाचं मार्गदर्शक पुस्तक, आणि वर मोठे सर वाट बघत होते. कागद मार्गदर्शकात सरकवला आणि म्हटलं, "बघते." उशिरा येण्याची माफीच मागितली असणार. बघू सवडीने.

मोठ्या सरांना नमुना आवडला. म्हणाले, अक्षरं थोडी ठळक करा.

९ मार्च, सोमवार

वार्षिक सुरू. पहिला पेपर भाषेचा. सव्वाआठचं बाक रिकामं. पर्यवेक्षकांनी हजेरीपत्रकावर लाल शाईने "गैरहजर" लिहिलं आणि मला दाखवलं. दुपारी तिच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. उद्या परत लावेन.

१४ मार्च, शनिवार

सहाच्या सहा पेपरना ती आली नाही. फोन परत लावायचा राहूनच गेला. पेपर तपासायचे, गुण चढवायचे, त्यात शिपाई आजारी, त्यामुळे घंटासुद्धा मीच दोनदा वाजवली. नाकी नऊ आले.

हल्लीच्या मुलांचा मला रागच येतो कधी कधी. परीक्षा म्हणजे काय ते त्यांना कळतच नाही. एवढी हुशार मुलगी, सहामाहीला त्र्याहत्तर टक्के होते. गेलं वर्ष वाया.

२४ मार्च, मंगळवार

एकशे बारा मुलांची टक्केवारी चढवली, सहा विषयांची आणि एकूण. तीन जणांपुढे आकडा नाही. दोघं शाळा सोडून गेलेत, तिसरी सव्वाआठ. त्या तीन ओळींतल्या सगळ्या घरांत "गैरहजर" असा शब्द टाकला. रिकामं ठेवलं असतं तर वरचे लोक विचारणार, विसरलात का? मला कोणी विसरलात का म्हटलेलं चालत नाही.

२८ मार्च, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. दादा आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून तपासणी केली. त्याच्या हातात छापील यादी. तो टक्के वाचणार, मी तक्ता पाठ असल्यासारखी श्रेणी सांगणार, तो यादीतल्या अक्षराशी ताडून टिक करणार.

एका मुलाला पासष्ट. मी म्हटलं ब. दादा म्हणाला, "इथे क आहे."

पासष्टला क कसा? दोघंही डोकं खाजवत बसलो. शेवटी त्या घरावर बोट ठेवून बघितलं तर आत चौसष्ट दशांश सहा. वर दिसताना पासष्ट दिसतं, आत मात्र ते पूर्ण पासष्ट नाहीच! भाचीला फोन करून अशा घरांत हाताने पूर्णांक टाकला, मग श्रेणी बरोबर आली. असे सात सापडले. सात मुलांचं नुकसान टळलं. आम्ही दोघांनी चहा केला आणि बिस्किटांचा नवा पुडा फोडला.

मोठे सर म्हणतात ते खोटं नाही, मी काटेकोर आहे.

२९ मार्च, रविवार

उरलेल्या याद्या. दादा आज फार सावकाश वाचत होता, मध्येच एखाद्या मुलाचं अक्षर कसं आहे, तो कुठे बसतो असं काहीबाही विचारत होता. मला घाई. पाठ भरून आली होती.

सव्वाआठच्या ओळीवर आला. "गैरहजर," त्याने वाचलं आणि थांबला. "अगं, पण इथे तर..."

"पुढे," मी म्हटलं. "गैरहजराचं काय तपासायचंय?"

"नाही, पण हे..."

"दादा, पुढे चल रे. अजून चाळीस आहेत."

तो पुढे गेला. पाच वाजता संपलं. म्हणाला, "आणखी याद्या नाहीत का?" थट्टाच करतोय. मी शीट बंद केली आणि अर्धा तास पडून राहिले.

४ एप्रिल, शनिवार

निकाल लागला. मला सकाळपासून ताप, म्हणून मी घरीच. माझ्या तुकडीची पत्रकं लिपिकबाईंनी वाटली. दुपारी फोन करून म्हणाल्या, सगळं व्यवस्थित, एकही तक्रार नाही. दोन उरली, शाळा सोडलेल्यांची.

दोनच? तीन उरायला हवी होती. तापात नीट सुचलं नाही. औषध घेऊन झोपले.

६ एप्रिल, सोमवार

कसं लिहू कळत नाही.

आठला शिक्षकखोलीत गेले तर दाराशी सव्वाआठ उभी. आठला! गणवेशात, वेणी घट्ट. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई, मला अ दिलाय."

"कशात?"

"सगळ्यात. पण मी पेपरला बसलेच नव्हते."

मी तिला खुर्चीवर बसवलं. खरं तर मलाच बसायचं होतं. पत्रक तिच्या वडिलांनी नेलं होतं. ते लांबच्या मालगाडीवर ड्रायव्हर असतात, शनिवारीच येतात. मुलगी पेपर देऊन आलीय असंच त्यांना वाटत होतं. पत्रक घेऊन ते तडक रुग्णालयात गेले. तिची आई तिथे जानेवारीपासून आहे. आईने ते पत्रक सगळ्या वॉर्डला वाचून दाखवलं.

"आणि तू पेपरच्या दिवशी कुठे होतीस?"

"तिथेच. आईजवळ दिवसा कोणी नसतं. पण तिला सांगितलं होतं की मी पेपर देते. गणवेश घालूनच जायचे आणि साडेअकरापर्यंत बाहेर बसायचे. नर्सने काही लागलं तर हाक मारायची. मग आत जायचे."

मी म्हटलं, "मग आधी सांगायचं नाही का शाळेला?"

ती माझ्या टेबलावरच्या भूगोलाच्या मार्गदर्शकाकडे बघत बसली. उद्धट म्हणवत नाही, पण विचारलं तर उत्तर द्यावं माणसाने.

"आता काय होईल, बाई?"

"वर्ष परत करावं लागेल."

"मग मी घरीच बसेन," ती म्हणाली. "आईला कोणीतरी लागतंच." आणि पिशवी उचलून वर्गात गेली. सुट्टी लागलीय, वर्गात कोणी नाही, हे माझ्याही लक्षात आलं नाही आणि तिच्याही. पाच मिनिटांनी परत आली आणि फाटकातून बाहेर पडली.

७ एप्रिल, मंगळवार

भाचीने दोन मिनिटांत सांगितलं. "मावशी, त्या घरात तू शब्द टाकलास ना? शीट कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरते. तू विचारलंस, ऐंशीपेक्षा मोठा आहे का? ती म्हणाली, हो."

म्हणजे गैरहजर हा शंभरापेक्षाही मोठा. आयुष्यभर हजेरी घेतली आणि हे आज कळलं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मी त्या दिवशी तेच म्हणत होतो." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग दार लावलं. "छपाईची चूक म्हणा. पत्रक परत घ्या, फाडा, नवं द्या. मुलगी अनुत्तीर्ण. विषय संपला."

"पुरवणी परीक्षा?"

"परीक्षेच्या पाच दिवस आधी अर्ज आला असेल तरच. आलाय का अर्ज?"

"नाही."

"मग तुम्ही आणि मी काय करणार?" ते म्हणाले. तेही थकलेले दिसले. एप्रिलमध्ये शाळेत सगळेच थकलेले असतात.

९ एप्रिल, गुरुवार

सापडला.

पुढच्या वर्षासाठी धड्यांचं नियोजन करायला मार्गदर्शक उघडलं आणि वाऱ्यांच्या धड्यात घडी घातलेला कागद. त्यावर सव्वीस फेब्रुवारी ही तारीख आहे. इथे उतरवून ठेवते, कारण परत कधी विसरायचं नाही.

"आदरणीय बाई, माझी आई रुग्णालयात आहे. बाबा गाडीवर असतात. आईजवळ दिवसा मीच असते. मला वार्षिक पेपर नंतर देता येतील का? तसं नाही झालं तरी चालेल. पण कृपया आईला कळवू नका. तिला वाटतं मी रोज शाळेत पूर्ण वेळ असते. आपली विद्यार्थिनी."

नऊ मार्चच्या दहा दिवस आधी तिने तो माझ्या हातात दिला होता. माझ्याच डायरीत लिहिलंय, "बघू सवडीने." आता मागची पानं वाचली. केसांना फिनेल, मधल्या सुट्टीत घरी जायची परवानगी, झोप. सगळं मीच माझ्या हाताने लिहिलंय. सात मुलांचे अर्धे अर्धे टक्के शोधले आणि स्वतःच्या डायरीतलं वाचता आलं नाही मला. लाज वाटते.

चहा गार झाला. दादाने दोनदा गरम करून आणला.

१० एप्रिल, शुक्रवार

सकाळीच तिला शाळेत बोलावलं होतं. मी कागद पुढे केला. "हा मी वाचलाच नव्हता."

तिने कागद ओळखला. "मला वाटलं वाचलात," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, नाही म्हणालात."

मला एका वाक्यात एवढा मार कधी बसला नव्हता.

मग मोठ्या सरांकडे. कागद समोर ठेवला. त्यांनी तारीख बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे. "हे बाहेर गेलं तर तुमच्या अंगाशी येईल. सेवेच्या पुस्तकात नोंद होईल. तीन वर्षं राहिलीयत तुमची."

"होऊ दे."

"छपाईची चूक म्हटलं तर काही होत नाही."

"तिचं वर्ष जातं ना, सर."

त्यांनी पेन दिलं. मी त्यांच्याच टेबलावर लिहिलं. अर्ज मला सत्तावीस फेब्रुवारीला मिळाला, मी तो वाचला नाही. शीटमध्ये गैरहजर हा शब्द मी टाकला, त्या ओळी मी तपासू दिल्या नाहीत. सही. अक्षर वाचता येईल असं आलं.

सरांनी दोनदा वाचलं. "पंचवीस एप्रिलला पुरवणी," ते म्हणाले. "पण जुनं पत्रक परत आलंच पाहिजे. खोटा अ बाहेर फिरता कामा नये. तुम्ही स्वतः घेऊन या."

११ एप्रिल, शनिवार

चार वाजता रुग्णालयात गेले. भेटीची वेळ. लांब व्हरांडा, भिंतीला लागून लाकडी बाक. पोरगी सहा दिवस इथेच बसली असणार. मी पाच मिनिटं त्या बाकावर बसले, उगाचच. बूड दुखतं.

आतमध्ये मुलगी आईचे पाय चेपत होती. मला बघून उभी राहिली आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला. आई अगदी काटकुळी झालेली, पण डोळे तेज. "तुम्ही भूगोलाच्या बाई ना? ही तुमची नक्कल करते. 'नकाशाला दिशा दाखवा, नाहीतर घरी जाताना चुकाल.'"

मुलीने मान खाली घातली. मी म्हटलं, "बरोबर करते की नाही?"

"माझ्यासमोर करते तेव्हा तरी बरोबर वाटते."

पत्रक उशाशी होतं, औषधांच्या डब्याला टेकवून उभं केलेलं. ओळीने सहा अ. ठळक केलेले, मीच. सगळी वाट मी वाक्य जुळवत आले होते. बाईंकडून चूक झालीय, नवं पत्रक देतो. आईला काही कळू द्यायचं नाही असं मुलीने लिहिलं होतं, तेही सांभाळायचं होतं.

तेवढ्यात आईने मुलीला पाणी आणायला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाली, "बाई, तुम्ही पत्रकासाठी आलात का?"

मी पिशवीचा बंद सारखा केला.

"पडदा जमिनीपर्यंत येत नाही," ती म्हणाली. "त्याखालून दार दिसतं आणि दाराबाहेर बाकाचे दोन पाय. सहा दिवस त्या बाकाखाली तिचे बूट होते. उजव्या बुटाची नाडी पांढरी आहे, डाव्याची राखाडी. ती मीच घातली होती." ती जरा थांबली, दम लागत होता. "मी हाक मारली नाही. तिला वाटत होतं मला माहीत नाही, तर म्हटलं, असू दे. आणि मग तिचे बाबा हे घेऊन आले. सगळ्यात अ. मी म्हटलं, शाळेला कळलं वाटतं ती कुठे होती ते."

रडू आलं हे लिहून ठेवते, लपवण्यात काय अर्थ आहे.

"चुकून पडलेत का हे?" तिने विचारलं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "ती पंचवीसला पेपर देणार आहे. त्या दिवशी तुमच्याजवळ माझा दादा येऊन बसेल. दिवसभर रिकामाच असतो तो."

हे मी काय बोलले ते मलाच नंतर कळलं. दादाला विचारलंसुद्धा नव्हतं.

"आणि हे नेणार?" तिने पत्रकावर हात ठेवला. ओढून धरलं नाही, नुसता ठेवला.

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी उठले. म्हटलं, "नकाशाला दिशा दाखवायला विसरू नकोस." आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले.

घरी दादाला सांगितलं तर तो आतून इस्त्रीचा शर्टच घेऊन आला. "पंचवीसला किती वाजता जायचं? आणि तोवर नुसतं भेटायला गेलं तर चालेल का?" असा उत्साह त्याच्या तोंडावर दोन वर्षांत बघितला नव्हता. मला वाटायचं, त्याला निवांतपणा आवडतो.

२५ एप्रिल, शनिवार

सहाही पेपर एकाच दिवशी, तीन सकाळी, तीन दुपारी. वर्गात ती एकटी आणि पर्यवेक्षक मी. भूगोलात चार प्रश्न तिने कोरेच सोडले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, नाहीतर तोंडातून उत्तर निसटलं असतं.

दादाने तिच्या आईला वर्तमानपत्र वाचून दाखवलं म्हणे. तिने त्याच्या चार चुका काढल्या.

२ मे, शनिवार

निकाल. मी गुण चढवले, दादाने वाचले, एकच ओळ असली तरी.

"एकूण, अठ्ठावन्न."

"क," मी म्हटलं.

"क," त्याने टिक केली. मग गैरहजर लिहिलेल्या बाकीच्या दोन ओळीही वाचल्या. आता तिथे अक्षर येत नाही, नुसती आडवी रेघ येते. दोन्ही रेघांवर त्याने टिक केली.

नवं पत्रक मी स्वतः तिच्या हातात दिलं. उत्तीर्ण, दहावीत प्रवेश. तिने एकूण श्रेणीतला क बघितला आणि म्हणाली, "हा माझा आहे." मग विचारलं, "बाई, जुनं आणून द्यायचं राहिलंय. आईच्या उशाशी आहे अजून."

"राहू दे," मी म्हटलं. "त्याचं मी बघते."

दुपारी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये नोंदवही भरली. माझ्याविरुद्धची नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती, त्यावर सही केली. मग शेवटचा रकाना. जुने पत्रक परत घेऊन नष्ट केले का?

एकोणतीस वर्षांत मी नोंदवहीत खोटं लिहिलेलं नाही. मोठे सर खिडकीपाशी उभे होते, पाठ माझ्याकडे.

मी लिहिलं, "होय." वही मिटली आणि लिपिकबाईंच्या कपाटात ठेवून आले.